तरसीम

मल्लिनाथ तापात जिचं नाव घेत होता तिला शोधायला गंगासागर बीडला निघाली, तेव्हा तो जाऊन महिना उलटला होता.

धारूरच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, वीरभद्रप्पाचं, किराणा दुकान. पोरगा मल्लिनाथ हुशार निघाला म्हणून त्यांनी त्याला बीडच्या हायस्कुलात घातलं. राहायला मठ, जेवायला लिंगायत समाजातली चार घरं. निजामाचं राज्य, त्यामुळं हायस्कुलात सगळा अभ्यास उर्दूतून. पोरगं सुट्टीला घरी आलं की बोलता बोलता मधेच उर्दू शब्द टाकायचं आणि वीरभद्रप्पा गिऱ्हाइकांकडं बघून गालातल्या गालात हसायचे.

यंदा मात्र तो सुट्टीआधीच आला. कुणाच्या तरी गाडीत पेंढ्यावर पडून, अंगात ताप घेऊन. मुदतीचा ताप निघाला. पुढं तो बरळायला लागला.

"तरसीम," तो म्हणायचा. "तरसीम... अव्वा, बघ ना. दोन उजवीकडं, चार वर."

गंगासागर कपाळावरची ओली पट्टी बदलत म्हणायची, "व्हय बाळा, झोप आता."

वीरभद्रप्पांनी ते नाव ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बीडला पोराला कुणी पोरगी भेटली, तीही परजातीची, आणि आता तिच्या माडीचा जिनासुद्धा तो बरळतोय, असं त्यांच्या मनानं घेतलं. "शिकायला धाडलं तर हे शिकला व्हय," एवढंच ते बोलले आणि दुकानात जाऊन बसले. शेवटच्या दिवशी पोराचा श्वास लागला तेव्हाही ते दुकानातच होते. बोलावणं गेलं, ते आले, तोवर सगळं संपलं होतं.

मातीला त्यांनी खांदा दिला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरात पोराचं नाव काढायची चोरी झाली.

गंगासागरला त्या पोरीचा राग नव्हता. कुठंतरी ती वाट बघत असेल, तिला कुणी कळवलंही नसेल, याचंच तिला वाईट वाटे. आपल्यासारखंच अजून कुणीतरी रडणारं आहे, एवढा एक आधार तिला हवा होता. शेजारच्या चंद्रभागाबाईची गाडी बीडला जाणार होती. मठातून पोराची वळकटी आणते, असं सांगून ती तिच्यासोबत निघाली. गाठोड्यात तिनं चोळीचा एक नवा खण घेतला होता. पोरीच्या हातावर काहीतरी ठेवावं म्हणून.

मठात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मग ती हायस्कुलात गेली. हिशेब शिकवणारे दस्तगीर मास्तर चिंचेखाली उभे होते. मल्लिनाथची आई म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि मान खाली घातली.

"लई गुणी लेकरू होतं, बाई. अल्लाची मर्जी."

"मास्तर, एक इचारायचं हाय. रागवू नका." तिनं पदर सावरला. "तरसीम कुणाची पोरगी हाय?"

मास्तरांना आधी कळलंच नाही. तापात पोरगा हेच नाव घेत होता, एवढं तिनं सांगितलं, तसे ते चिंचेच्या पारावर टेकले.

"बाई, ती पोरगी न्हाई. तो धडा हाय. आलेखाला आमी उर्दूत तरसीम म्हणतो."

पोराच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला, पण ते दुसरं रडणारं माणूसही गेलं. गंगासागर म्हणाली, "मंग ते काय असतंय, मला दावा."

मास्तरांनी काटकीनं धुळीत एक आडवी रेघ ओढली, तिच्या डाव्या टोकावर एक उभी. "असं समजा, कंदिलात सहा बोटं तेल हाय. तासाला एक बोट जळतं. आडव्या रेघेवर तास, उभीवर तेल. अजून पेटवलाच न्हाई, तर ठिपका कुठं?"

तिनं उभ्या रेघेवर, सहा बोटं वर, ठिपका दिला.

"दोन तास झाले. तेल किती?"

"चार."

"मग दोन घरं उजवीकडं, चार वर."

गंगासागरचं बोट हवेतच थांबलं. मास्तरांच्या ते ध्यानात आलं नाही. ते सांगत राहिले, "गेलेले तास आणि उरलेलं तेल, दोन्ही मिळून कायम सहा. याला समीकरण म्हणायचं. तास सांगितला की तेल आपोआप कळतं. आणि सगळे ठिपके एका सरळ रेघेत येतात. मल्लिनाथला लई दिवस हे उमगत न्हवतं. ज्या दिवशी उमगलं, त्याच दिवशी अंगात कणकण होती. मला म्हणाला, मास्तर, माझी अव्वा ठिपक्यांची रांगोळी काढती, तिला दावतो, तिला लगेच कळंल."

ती खाली बघत होती. उरलेले ठिपके तिनं एकेक करून दिले. शेवटचा आडव्या रेघेवरच आला.

"हितं तेल सरलं," ती म्हणाली.

मास्तरांनी हातातली काटकी खाली ठेवली.

निघताना तिनं गाठोड्यातला खण काढून त्यांच्यापुढं धरला. "तुमच्या घरात लेक असंल, तर तिला द्या." त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला.

परतीच्या वाटेवर तिच्या मनात सांगावं की नको, हेच चाललं होतं. नवऱ्याला सांगितलं नाही तर पोरगा बदनामच राहणार. सांगितलं, तर ज्या रागापायी ते पोराजवळून उठून गेले, त्या रागाला काडीचं कारण नव्हतं हे त्यांना आयुष्यभर पुरणार. घाट चढून धारूरचा किल्ला दिसायला लागला, तरी तिचं ठरत नव्हतं.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं वळकटी खाली ठेवली, मूठभर ज्वारी घेतली आणि रिकाम्या पोत्यावर एकेक दाणा मांडत मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वीरभद्रप्पा मुळात हिशेबी माणूस. तिचं संपायच्या आत त्यांना उमगलं.

"म्हंजे पोरगी न्हवतीच."

"न्हाई. मला धडा समजावून सांगत हुता त्यो."

त्यांनी रांगेतला शेवटचा दाणा उचलला. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्यानं मला हाक मारलती का?"

वाटभर तिला याचीच धास्ती होती. पोरगा शेवटी शुद्धीवर आला होता. त्यानं डोळे उघडून दाराकडं बघत दोनदा "अप्पा" म्हटलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "झोपंतच गेला. कुणालाच हाक मारली न्हाई."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. पटलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. पायांत वहाणा न घालता ते उठले आणि गावाबाहेर, पोराला मातीत ठेवलं होतं त्या माळाकडं चालू लागले. मातीनंतर ते तिकडं फिरकले नव्हते.

तीही जायला उठली होती, पण त्यांना एकट्यालाच जाऊ द्यावं म्हणून दारातून मागं फिरली. तेवढ्यात एक म्हातारी मीठ मागायला आली. गंगासागर पहिल्यांदाच नवऱ्याच्या गादीवर बसली, तराजू उचलला आणि तिला मीठ जोखून दिलं.