चिंगीच्या लेकराचं आजोळ

गुंजी गावात नातं जोडायला लोकांना फार वेळ लागत नाही, तोडायलाच पिढ्या लागतात. तरी माकडिणीच्या पोटातल्या गर्भाची आजी होऊन बसलेली मालुबाई ही पहिलीच.

तिचा दावा अगदीच पोकळ नव्हता. रेल्वेच्या रुळाकडेला आईविना सापडलेली चिंगी ही माकडीण तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. मोठी झाल्यावर चिंगी गावाची कौलं उचकटू लागली, तेव्हा तिची रवानगी खानापूरच्या रानालगतच्या माकडांच्या संशोधन केंद्रात झाली. मालुबाईचा नवरा मष्णू तिथंच पिंजऱ्यांकडं कामाला. दुर्मीळ जातीची माकडं वाचवायची, तर आधी साध्या माकडांवर हात बसवावा लागतो. म्हणून डॉक्टर पारमितानं चिंगीची अंडी काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार केले, गोठवून ठेवले. पुढं चिंगी तापानं गेली. बाकीचे गर्भ रुजले नाहीत. शेवटचा तेवढा ठकी नावाच्या तरण्या माकडिणीच्या पोटात रुजला.

हे कळल्यापासून मालुबाई दर बाजाराला उकडलेली रताळी घेऊन ठकीच्या जाळीशी हजर. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हेही तिनं डॉक्टरला ऐकवलं.

"मावशी, पण ठकीचं माहेर तुमच्याकडं कसं?" निपाणीची पारमिताही काही कमी नव्हती.

"अंडं चिंगीचंच न्हवं?"

"पण पोट ठकीचं."

"मग ठकी आमची व्याहीण. व्याहिणीचंबी करावं लागतंय."

झाडता झाडता मष्णू म्हणाला, "खऱ्या व्याहिणीला कवा रताळं दिलतं का, इचारा हिला."

खरी गोष्ट वेगळीच होती. ठकीनं पिल्लू जवळ घेतलं नाही तर बाटलीवर वाढवावं लागेल, आणि ते काम मावशी तुमचंच, असं पारमिता एकदा बोलून गेली होती. तेव्हापासून मालुबाईच्या फळीवर बाटली उकळून तयार, जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे घडी करून तयार. ठकीचं भलं कर, असं ती देवाला रोज सांगायची. म्हणजे नेमकं काय कर, ते मात्र सांगायचं टाळायची.

एका सकाळी मष्णूचा फोन आला. "झालं गं. पर ती जवळ घेईना."

बाटली आणि लुगडं घेऊन मिळेल त्या टेम्पोनं मालुबाई पोचली. पिंजऱ्यात गवतावर पिल्लू चिरकत होतं. ठकी हातभर लांब बसलेली.

"अजून थोडं बघू," पारमिता हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर उचलूया."

मालुबाईनं जाळीशी बसून मांडीवर लुगडं पसरलं. पिल्लाचं कपाळ थेट चिंगीचं. ते चिरकलं की ठकी अर्धवट त्याच्याकडं वळायची. मग मान फिरवून मालुबाईच्या हातांकडं बघायची. शेवटी ती पिल्लाकडं पाठ करून जाळीशी आली आणि तळवा पुढं केला. रताळ्यासाठी.

मालुबाईला कळायचं ते कळलं. आणखी थोडा वेळ नुसतं बसून राहिलं असतं, तर लेकरू तिचं होतं. कुणी दोषही दिला नसता.

ती उठली. बाटली मष्णूच्या हातात दिली.

"मावशी, आता कुठं निघाला?"

"भाईर. मी हितं हाय तवर ती तिकडं बगनार न्हाय."

फाटकाबाहेर, ठकीला दिसणार नाही अशा बांधावर ती जाऊन बसली. बऱ्याच वेळानं मष्णू आला आणि शेजारी टेकला. चारचौघांत बायकोशेजारी बसायची त्याला सवय नव्हती, म्हणून तोंड रस्त्याकडं.

"घेतलं?" तिनं विचारलं.

"घेतलं. पितंयबी."

"धरलंय कसं?"

मष्णूनं दोन्ही हात छातीशी आवळून दाखवले.

"लेक हाय का ल्योक?"

"तिनं बगू दिलं तर सांगतो. जरा जवळ गेलं की दात विचकतीया."

"विचकू दे," मालुबाई म्हणाली. "कुनालाबी देऊ ने तिनं."