वहीतला शुक्रवार

"चौदा वर्षांपूर्वी गारा पडल्या! लिंबाएवढ्या!" मेघबाबा डोळे मिटून गरजले. "सुताराच्या कारखान्याची किती कौलं फुटली? मला दिसतायत... दोनशे अकरा!"

पहिल्या रांगेतला सुतार मटकन खाली बसला. "दोनशे अकराच! मी स्वतः मोजली होती हो!"

शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी एकदमच हात जोडले. बाबा टेबलावर मांडी घालून बसले होते आणि मागे त्यांचा शिष्य भुरभुर पावसात छत्री धरून उभा होता. बेकरीवालीच्या भट्टीत पाणी कितव्या विटेपर्यंत आलं होतं, वादळात शिंपिणीचं मशीन कोणत्या भिंतीखाली सापडलं, बाबा सगळं घडाघडा सांगत होते. बाबांनी या गावात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं ते तीनच दिवसांपूर्वी.

गर्दीच्या कडेला नोंदबाई उभी होती. वाचनालय सांभाळणारी ही बाई रोज सकाळ-संध्याकाळ नदीतल्या खांबावरची पातळी वाचायची आणि एका जाड वहीत लिहायची, म्हणून तिला हे नाव पडलेलं. पूर, गारा, वादळ, कुणाचं काय गेलं, सगळं घरोघर विचारून ती टिपून ठेवी. आधी हे काम तिचे वडील, अण्णा, करत.

आज सकाळी पाणी धोक्याच्या लाल खुणेच्या हातभर खाली होतं आणि डोंगराकडे तीन दिवस पाऊस थांबलेला नव्हता. भोंगा वाजवा, असं तिनं गावच्या अध्यक्षांना सकाळीच सांगितलं होतं. "बाबांना विचारून बघू," असं म्हणून अध्यक्षांनी तिला वाटेला लावलं होतं.

"नदीला मी खडसावलंय," बाबा आता म्हणाले. "यंदा खालच्या गल्लीची एक पायरीही ती चढणार नाही. पण कुणी घर सोडलं, की तिला कळेल तुमचा माझ्यावर भरवसा नाही. मग ती चिडेल! आणि टेकडीवरचं सभागृह मला साधनेसाठी लागेल. रिकामं. आजपासून."

सभागृहाची किल्ली नोंदबाईकडे असायची. अध्यक्ष लगबगीनं तिच्याकडे आले. "किल्ली द्या."

"ती पुराच्या वेळची निवाऱ्याची जागा आहे. दुसरी उंच जागा आहे का आपल्याकडे?"

"पूर येणारच नाहीये ना पण!"

"ताई, दे ना गं," रांगेतून तिची धाकटी बहीण म्हणाली. तिचं घर खालच्या गल्लीत, अगदी टोकाला होतं. घरात दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. सासूबाईंना खाटेसकट उचलून टेकडीवर न्यायचं तर चार माणसं आणि तासभर वेळ लागायचा. तीन दिवस नोंदबाई तिच्या मागे लागली होती आणि तीन दिवस धाकटी नाहीच म्हणत होती.

बाबांनी ते बरोबर हेरलं. आवाज मऊ केला. "लेकी, तुझे वडील माझ्याजवळ आलेत. पाणी मोजणारे. सव्वीस वर्षांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, नदीनं त्यांना नेलं. ते म्हणतायत, भिऊ नकोस, घर सोडू नकोस."

धाकटी हमसून रडायला लागली. नोंदबाईलाही क्षणभर वाटलं, खरंच आले असतील तर? मग एक शब्द तिच्या कानात अडकला आणि तिथून हलेना.

ती गर्दी सारत पुढे आली. "कोणता वार म्हणालात?"

"शुक्रवार, बाई. काळा शुक्रवार."

नोंदबाई लोकांकडे वळली. "आपल्याकडे बाजार कधी भरतो?"

"गुरुवारी," चार-पाच जण म्हणाले.

"त्या पुरात काय काय वाहून गेलं होतं? आठवा."

"माझ्या सासूची भाजीची टोपली," बेकरीवाली म्हणाली. "तराजू, कापडाचे तागे... अख्खा बाजार गेला की!" बोलता बोलता ती थांबली. "म्हणजे तो गुरुवार होता."

"गुरुवारच होता. शुक्रवार या जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या वहीत." तिनं काखेतली वही उघडून वर धरली. "अण्णा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी रडत रडत पुराची नोंद लिहिली आणि वर लिहीत होते त्या दिवसाचाच वार घातला. वहीत खाडाखोड करायची नाही ही अण्णांची शिस्त, म्हणून चूक तशीच राहिली. आज ती बाबांच्या तोंडून बाहेर पडली!"

कुजबुज वाढली. बाबा सावरून बसले. "आत्म्याला वारांचं भान नसतं!"

"कौलांचं बरं असतं?" मागून कुणीतरी ओरडलं आणि मैदानभर हशा पिकला.

नोंदबाईनं छत्रीखालच्या शिष्याकडे निरखून पाहिलं. "चष्मा कुठे ठेवलात? तीन महिन्यांपूर्वी हवामानावर निबंध लिहायचाय म्हणून आला होतात. दोन दिवस वाचनालयात बसून ही वही उतरवून घेतलीत. मीच चहा पाजला. माझी पेन्सिल नेलीत ती नेलीतच!"

शिष्याच्या हातातली छत्री कलली आणि बाबांच्या डोक्यावर पाणी ओघळलं.

"मग अण्णा बोललेच नाहीत?" धाकटीनं विचारलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"बोलले होते गं. गुरुवारी सकाळी." नोंदबाईनं एक पान मागे उलटलं आणि जुन्या, तिरप्या अक्षरातली ओळ मोठ्यानं वाचली. "'पाणी चढते आहे. खालची गल्ली आत्ताच रिकामी करावी.' तेव्हाही कुणी ऐकलं नाही. लोकांना बाहेर काढायला गेले आणि तिथेच राहिले. हे एवढं वाक्य या निबंधवाल्यानं बरं गाळलं! ज्या माणसानं घर सोडा म्हणत जीव दिला, त्याच्याच तोंडी घर सोडू नको घालता? लाज वाटत नाही?"

अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघत होते.

"किल्ली मी देणार नाही," नोंदबाई म्हणाली. "आणि तुम्हालाही सांगते. कुणी तुमच्या घरातलं अचूक सांगितलं, की लगेच पाया पडू नका. आधी विचारा, तुम्हाला हे कसं कळलं? मलाही विचारा. माझ्यावर विश्वास ठेवूच नका, चला, खांब आपल्या डोळ्यांनी बघा!"

शंभरएक माणसं नदीकडे गेली. लाल खूण पाण्याखाली गेलेली होती.

धाकटीनं डोळे पुसले, पदर खोचला. "सासूबाईंची खाट उचलायला चार जण हवेत," ती म्हणाली. सुतार सगळ्यात आधी पुढे झाला.

भोंगा वाजला. त्यानंतर टेकडीच्या चढावर सर्वांत पुढे जे दोघे धापा टाकत पळताना दिसले, ते मेघबाबा आणि त्यांचा शिष्य होते. नोंदबाईनं त्यांनाही आत घेतलं, यादीत नावं लिहिली आणि दोन घोंगड्या दिल्या. शिष्याच्या खिशातली पेन्सिल मात्र काढून घेतली.

दिवस मावळायच्या आत खालच्या गल्लीत खिडक्यांपर्यंत पाणी आलं. खाटेवरून सासूबाई सगळ्यांना कुठे बसायचं ते सांगत होत्या. त्यांच्या पायाशी बसून नोंदबाईनं वही उघडली. खाडाखोड न करता नव्या ओळीवर लिहिलं, 'सव्वीस वर्षांपूर्वीचा पूर गुरुवारी आला होता. शुक्रवार ही माझी चूक.' त्याखाली तिनं आजची तारीख घातली, धाकटीला विचारून वाराची खात्री करून घेतली आणि पुढची नोंद केली. 'खालची गल्ली वेळेत रिकामी केली. सर्व माणसे वर आहेत.'