मशीनचं तेल

दाराला कान लावून ती उभी राहिली. आत शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

रोज दुपारी नर्स यायची, नवऱ्याच्या पोटावरची जखम धुऊन पट्टी बदलायची आणि दार लावून घ्यायची. मग मशीनची खडखड. त्या मशीनला जन्मभर कोणाला बोट लावू न देणारा हा शिंपी कॅन्सरने अंथरुणाला खिळला, आणि ही बया खुशाल त्यावर आपले कपडे शिवतेय? उरलेले दिवस आधीच थोडे. त्यातली दुपारसुद्धा बायकोच्या वाट्याला येत नव्हती.

"फुकटचं मशीन, फुकटचा धागा," ती फोनवर धाकट्या बहिणीला म्हणाली. "आणि हे तिला चकार शब्द बोलत नाहीत."

"अगं ताई, विचार ना त्यांना सरळ."

"विचारलं. म्हणाले, तू जरा झोप काढ. मला खोलीबाहेर घालवायची घाई नुसती!"

"भावजींना या वयात पालवी फुटली की काय?"

ती हसली नाही. चहाचं निमित्त करून तिने दार बोटभर ढकललं.

मशीनवर कापड नव्हतं. सुईत धागाही नव्हता. कापडाशिवाय मशीन चालवलं की दाते झिजतात, म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला केवढं झापलं होतं! आता नर्स रिकामंच मशीन पायाने चालवत होती, खिडकीबाहेर बघत. पलंगावर तो उशीत तोंड खुपसून कण्हत होता. त्या खडखडीत ते कण्हणं जेमतेम ऐकू येत होतं.

तिने दार हलकेच ओढून घेतलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "आज दुखलंच नाही बघ."

"दिसतंय की चेहऱ्यावर," ती म्हणाली आणि उशीचा ओला अभ्रा बदलू लागली.

दुसऱ्या दुपारी पट्टी झाल्यावर नर्सने दारातून डोकं बाहेर काढलं.

"वहिनी, तेलाची कुपी कुठे असते? मशीन फार वाजतंय. मास्तरांचा जीव तुटतो."

कुपी शेजारच्या फळीवरच होती, काठोकाठ भरलेली. तिने ती मुठीत झाकून घेतली.

"तेल संपलंय," ती म्हणाली. "आणि मी जरा पडते हं. दार लावून घ्या."