चुलीपुढची जागा

माझा खोकला माझा नव्हता, असं सगळी आळी म्हणायची. तो सासूबाईंचा होता. दोन लहान ठसके, मग एक लांब ढास आणि शेवटी ‘आई गं’. मुक्ताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं अशाच खोकत खोकत गेल्या. पुढं तोच ठेका माझ्या छातीत आला. म्हातारी सुनेत शिरली, असं शेजारची बनुबाई पाण्याच्या रांगेत सांगत सुटली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. पण खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. खोकताना कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून बसलंय असं वाटायचं, आणि मी भ्यायचे.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्ट कळायला पाहिजे म्हणून एकदाच घेते. कानिफनाथ. आईवेडा माणूस. आईनं स्वतःच्या हातानं घातलेली चूल, ती बिनखिडकीची खोली, सगळं तसंच ठेवलेलं. आई अजून तिथं बसते, अशी त्यांची पक्की समजूत. अंगारे झाले, लिंबं उतरून झाली. बहात्तरचा दुष्काळ, खायची मारामार, त्यात हे. शेवटी मी उंबरा ओलांडतानाही धापा टाकायला लागले, तेव्हा मालकांनी मला एसटीत घालून दवाखान्यात नेलं.

आबासाहेब डॉक्टरांनी छाती ऐकली. सासूबाईंनाही त्यांनीच तपासलं होतं.

“हे दुखणं जायचं नाही, मनकर्णाबाई. सांभाळायचं. आणि ते माझ्या एकट्याच्यानं होणार नाही. गोळ्या माझ्याकडं. श्वास कसा सोडायचा, ते या शकिलाबाई घरी येऊन शिकवतील.” मग मालकांकडं वळून म्हणाले, “आणि धूर, बाबा, तुझ्याकडं. चुलीवरची भिंत फोड, खिडकी काढ.”

शकिला नर्स आठवड्याला यायच्या. माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायच्या, “चहा निववायला घालतो तशी फुंकर घाला. हळू. घाई नको.” जाताना मालकांना विचारायच्या, “दादा, खिडकीचं काय झालं?”

मालक दिवसभर दुष्काळी कामावर सरकारची खडी फोडायचे. घरातला एक धोंडा मात्र त्यांच्यानं हलेना.

“आयची जागा हाय ती बाई. ती बसती तितं. हिलाच चुलीफुडनं उठवतो, मग झालं ना?”

मी उठले. आणि काय सांगू, मला बरं वाटू लागलं. पार आडापर्यंत चालत जाऊ लागले. भाकरी भीमा थापायला लागली. माझी थोरली, नऊ वर्षांची पोर, पण हात कसा चटपटीत! मी चारचौघींत तिचं कौतुक करायचे.

एकदा दिवस कलताना मी अंगणात बसून फुंकर घालत होते. मालक कामावरून येऊन हातपाय धूत होते. आतून खोकला आला. दोन लहान ठसके, मग एक लांब ढास आणि शेवटी ‘आई गं’.

मालकांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी तर गप्प होते. तांब्या त्यांच्या हातातून सुटला.

“आय?” ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

दारातून धूर लोटत होता. आत कुणीतरी चुलीपुढं वाकून, नाकाला पदर लावून बसलं होतं. सासूबाई बसायच्या तस्सं. मालक उंबऱ्यातच थिजले. मी पुढं झाले. पदर नव्हता तो, माझ्या जुन्या लुगड्याचा फाटका तुकडा होता.

“आई, आजी नक्की कुटं बसती गं?” भीमा डोळे चोळत म्हणाली. “मी तिची जागा सोडून बसते, पर धुरात ती दिसतच न्हाई.”

मालक वळले. बाहेर गेले आणि पहार घेऊन आले. पहिला घाव घालताना ते रडत होते. माती, काजळी, धोंडे चुलीत कोसळले, अर्धी भाजलेली भाकरी गाडली गेली आणि भगदाडातून मावळतीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला.

ती भिंत आम्ही पहिल्यांदाच धड पाहत होतो. काळीकुट्ट. फक्त पाठ टेकायची जागा घासून घासून उजळ राहिलेली, बाई बसल्यासारखी. सासूबाईंची पाठ, नंतर माझीही तिथंच. आणि तिच्या शेजारी, थोडी खाली, जागा सोडून, एक लहानशी पाठ उमटायला लागली होती.