चांगोने वाढवलेलं वय

चांगोला खोटं बोलता येत नाही, असं सगळी वाडी म्हणायची. वाडीला काय माहीत! जन्मात एकदाच बोलला, पण असं बोलला की पोराच्या मुळावर आलं.

पोरगा जीवन. मुरबाडच्या कॉलेजातून बीएस्सी झालेला, आणि डोक्यात एकच खूळ, विमान चालवायचं. खासगी क्लबात शिकायचं तर लाखांनी खर्च, म्हणून हवाई दलाची परीक्षा. दोनदा आपटला. तिसऱ्या खेपेला रात्रंदिवस अभ्यास केला, आणि २००४ सालची जाहिरात आली तेव्हा कळलं, वयाची अट दोन महिन्यांनी हुकतेय.

"माझंच चुकलं, बा," जीवन म्हणाला. "पयल्याच येळेला नीट अभ्यास कराय होवा."

चांगोने हातातली भाकर खाली ठेवली. चूक कोणाची, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आश्रमशाळेत घातला तेव्हा पोर पाच वर्षांचंही नव्हतं. पण दिवाळीनंतर चांगोला आणि बायको जिवलीला वीटभट्टीवर जायचं होतं. शाळेत राहिलं तर दोन वेळ जेवेल तरी. गुरुजींची रीत अशी, की उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला म्हणजे सहा वर्षं पुरी. चांगोने आठ दिवस अंगणात पोराकडून सराव करून घेतला. मान कशी कलती करायची तेही शिकवलं. पोराने कान धरला, आणि गुरुजी सगळ्यांना लिहीत तशी एक जून जन्मतारीख ठोकून मोकळे झाले. "कसा फशिवला गुरुजीला!" असं चांगो घरी येऊन खो खो हसला होता. आता ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटे.

चार दिवस त्याने कळ काढली. पाचव्या दिवशी सरपण फोडता फोडता कुऱ्हाड टाकली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी मी वरसा-दीड वरसानं लहान हाय?" जीवन उडालाच. "बा, आधी का नाय बोललास? चल शाळेत, आत्ताच्या आत्ता!"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पोराचा आनंद बघून चांगोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं जीपने शाळेत पोचले. ते गुरुजी कधीच निवृत्त झालेले, हे हेडसर नवे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तवा, सायेब. पोराची आण."

"दहावीनंतर जन्मतारखेत बदल होणं महाकठीण. तरी वर लिहून बघतो. ग्रामपंचायतीत नोंद?"

"नाय केली."

"मग तुमची जबानीच घेतो." सरांनी कागद ओढला. "सांगा, खरी जन्मतारीख काय?"

चांगोने तोंड उघडलं. "नागली कापाय आलती. जिवलीला शेतातच कळा आल्या. सुंदरा सुईण धावत आली."

"ते झालं हो. तारीख? महिना? साल?"

चांगोला ते शेत लख्ख दिसत होतं. साल आठवेना. जीवन बापाच्या तोंडाकडे बघत होता.

"ठाव नाय, सायेब."

सरांनी पेन खाली ठेवलं. जीवन उठला, दारापर्यंत गेला आणि बापासाठी थांबला.

"चल, बा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "जीप जाईल."