ओल्या बोऱ्याखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवघरातला नव्हे आणि रस्त्यावरचाही नव्हे. मोहाडीच्या एका शाळेत माशांची काचपेटी होती. तिच्या डोक्यावरचा मी.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली बाजारातल्या कारागिराने पत्रा वाकवून माझे अंग घडवले. आत छोटी ट्यूब, स्टार्टर आणि चोक बसवला. चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. ती विजेला आवरून धरते. ती नसेल तर ट्यूब क्षणात जळून जाईल.

आमच्याकडे तलाव पुष्कळ, पण मासे मुलांनी ताटातच जास्त पाहिलेले. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, "बाई, याइले खायाचं नाई, त पोसून कायले राहिले?"

विज्ञानाच्या सत्यवतीबाई मनापासून हसल्या. त्यांनी मला लावले आणि पाण्यातल्या हिरव्या वेलीकडे बोट दाखवले. थोड्या वेळाने पानांवरून बारीक बुडबुडे वर जाऊ लागले. माझ्या उजेडात ती वेल आपले अन्न शिजवत होती! सारा वर्ग काचेला नाक लावून पाहू लागला. त्या दिवशी माझी छाती पत्र्याची असूनही फुगली.

शाळेच्या शिपाई सुमनबाई रोज काच पुसत आणि सोनमाशांशी गप्पा मारत. एका एप्रिलमध्ये ऊन फार तापले. रांजण गार राहावा म्हणून त्यावर ओला बोरा, म्हणजे गोणपाट, टाकतात ना, तसाच ओलाचिंब बोरा त्यांनी मायेने आमच्यावर पांघरला. पाणी स्क्रूच्या भोकातून चोकमध्ये झिरपले. चर्रर्र आवाज, जळका वास, धूर! फ्यूज उडाला आणि मी विझलो.

"मले का मालूम, याच्या पोटात आग हाय म्हून!" सुमनबाई रडकुंडीला आल्या.

मुख्याध्यापक श्यामरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शनिवारपर्यंत लागला त ठीक. नाही त मासे तलावात अन् पेटी अडगळीत."

"तलावात मरळ मासा हाय, सर!" सुमनबाई कळवळल्या. "ह्या लेकराइले एका घासात गिळल."

सुमनबाईंनी मला डोक्यावर घेतले आणि सत्यवतीबाईंबरोबर थेट जागेश्वरचे दुकान गाठले. तो शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देई. त्याने माझा काळा पडलेला चोक उघडला.

"बाई, बत्तीले आंघोळ घालून राहिले होते का?"

"तू आंधी आपली आंघोळ कर," सुमनबाई फणकारल्या. "वार्निशचा वास येऊन राहिला तुह्या अंगाले."

जागेश्वरने जळकी तार सोडवली, नवी गुंडाळली आणि वरून वार्निश दिले. ते विजेच्या भट्टीत वाळवायचे, तर नेमकी लाइन गेली. शनिवार दुसऱ्याच दिवशी होता. सुमनबाई पदराने चोकला वारा घालू लागल्या.

सत्यवतीबाईंनी वर पाहिले. "छपराच्या टिनावर ठेवा. ज्या उन्हानं हा घोटाळा झाला, तेच निस्तरू दे."

दिवसभर माझा चोक टिनावर पापडासारखा तापला. सुमनबाई खाली बसून कावळे हाकत राहिल्या.

शनिवारी सत्यवतीबाईंनी चोक माझ्या पोटात ठेवलाच नाही. भिंतीवर, पाण्यापासून दूर बसवला. वायरही ताणली नाही.

"बाई, वायर ढिली राहून गेली," सुमनबाई म्हणाल्या.

"मुद्दाम ठेवली. थेंब आला तर वायरच्या झोळावरून खाली पडेल, चोकपर्यंत वर चढणार नाही."

बटण दाबले. मी एकदा डोळा मिचकावला, दुसऱ्यांदा मिचकावला आणि लख्ख उजळलो! श्यामराव मात्र पेटीसमोर उभेच राहिले. "अन् ते बुडबुडे?"

सारे वाट पाहू लागले. पानाच्या कडेवर एक मोती धरला, फुगला आणि सुटला. मग दुसरा. श्यामरावांनी चष्मा काचेला टेकवला.

"राहू द्या मासे," ते म्हणाले. "पण सुमनबाई, बोरा कुठं हाय?"

"रांजणावर हाय, सर!"

मित्रांनो, त्यानंतर मी कित्येक वर्षे उजळलो. आता माझा पत्रा गंजला आहे. तुम्हाला एकच सांगणे: कोणावर माया करायची असेल, तर आधी त्याचा स्वभाव जाणून घ्या. रांजणाला ओला बोरा सुखाचा. मला मात्र कोरडे फडकेच बरे. आणि तेसुद्धा बटण बंद करून!