आईचा नमुना मजकूर

पुस्तिका सोळा पानांची, विषय 'कमी खर्चात निरोगी राहा', वाचणारे कॉलेजचे चार हजार विद्यार्थी आणि लिहिणार कॉलेजच्या डॉक्टरीणबाई. बाईंनी पाठवलं दीड पान. 'हंगामी फळांचे पुरेसे सेवन करावे' आणि 'तणावाचे व्यवस्थापन करावे' एवढं सांगून त्यांनी हात झटकले होते. उरलेलं सोमवारी देते म्हणाल्या. कोणत्या सोमवारी, ते गुलदस्त्यात.

पुस्तिकेची पानं मांडायचं काम एका तरुणीकडे होतं. खरा मजकूर येईपर्यंत त्या जागी काहीतरी भरून ठेवायचं, म्हणजे अक्षर केवढं हवं, ओळ कुठे मोडते ते कळतं, ही तिच्या धंद्याची रीतच. एरवी ती जुन्या बातम्या ओतायची. या खेपेला तिने खणातून आईच्या चिठ्ठ्या काढल्या. ती शिकायला लांब राहायची तेव्हा आई खाऊचा डबा पाठवायची आणि झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवायची. आई जाऊन तीन महिने झाले होते. चिठ्ठ्या तिने बाबांनाही दाखवल्या नव्हत्या. नमुन्याच्या निमित्ताने त्या एकदा टाइप करायला मिळतील, एवढाच तिचा स्वार्थ. मग खरा मजकूर आला की पुसून टाकायच्या.

पानांवर 'नमुना' असा शिक्का मारायचा तेवढा राहिला आणि पानं गेली बाईंकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"अहो, हे कोणी लिहिलं? 'चार दिवसांचा भात म्हणजे अन्न नव्हे, पुरावा'?"

तिने लगेच ती फाइल उघडली. "चुकून आलं ते. काढते."

"काढाल तर खबरदार! सकाळी बारा पोरांना वाचायला बसवलं होतं. माझ्या दीड पानावर एक जण चक्क घोरला. आणि हे आलं, 'झोप फुकट मिळते, तीही घेत नसशील तर तुझ्यासारखी करंटी तूच', तर खिदळायला लागली सगळी! एक मुलगी ते पान उचलूनच घेऊन गेली. खोलीत लावणार म्हणे."

"बाई, ते घरातलं आहे. आईने मला लिहिलेलं."

"मग आईंना विचारा की!"

"ती नाही आता."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कशाने गेल्या?"

"छातीत दुखायचं. वर्षभर जिन्यालाच शिव्या देत होती. पायऱ्या उंच बांधल्यात म्हणायची."

"म्हणून शेवटचं पान कोरं आहे होय? मथळा आहे 'डॉक्टरकडे कधी जावे' आणि खाली काहीच नाही."

"एकसष्ट चिठ्ठ्या आहेत. डॉक्टरचं नाव एकीतही नाही."

"उद्या सकाळी छापायला द्यायचंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात तर माझं दीड पान ताणून सोळा करू. पोरं मरणार नाहीत, फक्त झोपतील."

संध्याकाळी तिने पानं बाबांपुढे ठेवली. बाबांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. 'चहा कितीही पातळ केलास तरी त्याला पाणी म्हणत नाहीत.' 'बाजार उठताना भाजी घ्यायला जा, भाजीवालीलाही घर आहे.' वाचता वाचता त्यांचे खांदे हलू लागले. ते हसतायत की काय, हे तिला चटकन कळेना.

"तुला लेखी मिळायचं होय?" ते अखेर म्हणाले. "मला हेच चाळीस वर्षं तोंडी. तेही चढ्या आवाजात."

"छापू?"

"छाप. चार हजार जणांना बोलणी बसू देत. मी एकट्यानेच काय घोडं मारलं होतं?"

मग ते कोऱ्या पानाशी आले आणि थांबले. "इथे काय घालणार?"

ती कॉम्प्युटरपाशी बसली. आईच्या ओळींखाली आपली ओळ घालायची तिला लाज वाटत होती. पण जागा रिकामी होती, आणि अक्षर केवढं हवं ते आता तिला ठाऊक होतं. तिने लिहिलं, 'छातीत दुखलं तर जिन्याला शिव्या देऊ नका. कॉलेजचा दवाखाना तळमजल्यावर आहे, तपासणी फुकट. आणि घरी आईच्या छातीत दुखत असेल तर तिचा दंड धरून तिला डॉक्टरकडे न्या.'

बाबा मागे येऊन उभे होते.

"ती भांडेल, हेही लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं, 'ती भांडेल. तरी न्या.'